फ्लॅनन बेटाची भुते : एका दंतकथेची कुळकथा

ही गोष्ट आम्ही अनेक वर्षे, अनेक ठिकाणी, अनेकांना सांगितली आहे. आणि प्रत्येक वेळी 'खरी घडलेली' म्हणून सांगितली आहे. पावसाळ्याची रात्र, गेलेली वीज, मधोमध एक कंदील आणि भोवती चुलत-मामेभावंडांचे कोंडाळे, एवढे साहित्य जमले की आमचा सूर लागत असे. गोष्ट अशी :

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये एक निर्मनुष्य बेट आहे. बेटावर दीपस्तंभ, दीपस्तंभात तीन रखवालदार. १९०० सालच्या डिसेंबरात एका रात्री तो दिवा लागला नाही. काही दिवसांनी बदलीचा माणूस घेऊन जहाज तेथे पोचले, तो बेटावर चिटपाखरू नाही. टेबलावर ताटे मांडलेली, जेवण अर्धे टाकलेले, एक खुर्ची उलथून पडलेली. नोंदवहीत शेवटच्या दिवसांची विलक्षण टिपणे : आजवर पाहिले नाही असे वादळ, मुख्य रखवालदार अबोल, तिघांतला सर्वांत दणकट गडी रडतो आहे, तिघेही प्रार्थनेला बसले आहेत. आणि अखेरीस वादळ निवल्याची, समुद्र शांत झाल्याची नोंद. त्यानंतर कोरी पाने. पुढे त्या माणसांचा पत्ता लागला नाही. मात्र धक्क्याजवळच्या खडकावर तीन मोठे काळे पक्षी बसलेले दिसले...

येथे आम्ही कंदिलाची वात खाली करीत असू.

अशाच एका रात्री आमच्या आत्याने, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता विचारले, "अरे, त्यांच्या घरी कोण कोण होतं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. खुर्ची उलथलेली होती हे आम्हांला ठाऊक होते, पक्ष्यांचा रंग ठाऊक होता, कोण कोणत्या दिवशी रडले तेही ठाऊक होते. पण त्या तिघांची नावेदेखील आम्हांला येत नव्हती. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

*

प्रथम कागदपत्रे काय सांगतात ते पाहू. कारण या प्रकरणात कागदपत्रांची वाण नाही.

फ्लॅनन हा लहान बेटांचा पुंजका लुईस बेटाच्या पश्चिमेस सुमारे ३२ किलोमीटरवर आहे. त्यांतले सर्वांत मोठे आयलन मोर. 'मोर' म्हणजे गेलिक भाषेत मोठे. पण हे मोठे बेटही उणेपुरे १७ हेक्टरांचे आहे. सर्व बाजूंनी कडे, आणि बोट लावण्यासाठी कड्यात खोदून काढलेले दोन धक्के, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. डेव्हिड अ‍ॅलन स्टीव्हन्सन या अभियंत्याने उभारलेला येथील दिवा ७ डिसेंबर १८९९ रोजी प्रथम लागला. म्हणजे दुर्घटनेच्या वेळी तो अवघा एक वर्षाचा होता. ज्या बेटाला आमच्या गोष्टीत आम्ही 'शतकानुशतके झपाटलेला दीपस्तंभ' बहाल केला होता, तेथील चुन्याचा वासही धड गेलेला नसावा!

१९०० सालच्या डिसेंबरात तेथे होते ते मुख्य रखवालदार जेम्स डुकाट, साहाय्यक टॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकार्थर. हा मॅकार्थर पेशाने शिंपी. विल्यम रॉस नावाचे कायमचे साहाय्यक आजारी रजेवर असल्याने तो बदली म्हणून तेथे आला होता.

१५ डिसेंबरच्या मध्यरात्री फिलाडेल्फियाहून लीथ बंदराकडे निघालेल्या 'आर्कटर' या आगबोटीला तो दिवा दिसला नाही. लुईसच्या किनाऱ्यावरून दिव्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक माणूस नेमलेला होता. पण थंडीच्या धुक्यात तो दिवा चार-चार दिवस दिसत नसे. ८ ते ११ डिसेंबर तो दिसला नाही, १२ तारखेला दिसला, आणि नंतर पुन्हा दिसेनासा झाला. न दिसण्याची सवय झालेल्या डोळ्यांना या वेळच्या न दिसण्यातला फरक कसा कळावा? २० डिसेंबरला निघायची 'हेस्परस' ही बोट हवामानामुळे अडकून पडली आणि २६ तारखेच्या दुपारी बेटाशी पोचली. धक्क्यावर कोणी आले नाही. बोटीने भोंगा वाजवला, अग्निबाण सोडला. शेवटी बदलीवर आलेला रखवालदार जोसेफ मूर एकटाच पायऱ्या चढून वर गेला.

मूरने दोन दिवसांनी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. फाटक बंद होते. दार बंद होते. चुलीत कित्येक दिवसांत विस्तव पेटलेला नव्हता. बिछाने रिकामे होते. घड्याळ थांबले होते. किल्ली द्यायला माणूस नसले की घड्याळ थांबतेच. आणि स्वयंपाकघर? भांडी घासूनपुसून स्वच्छ होती. त्यावरून मूरने अनुमान काढले की माणसे गेली ती दुपारचे जेवण आटोपल्यानंतर केव्हातरी. उलथलेली खुर्ची या पत्रात नाही. अर्धवट टाकलेले ताटही नाही.

२९ डिसेंबरला दीपगृह मंडळाचे अधीक्षक रॉबर्ट म्युअरहेड बेटावर पोचले. त्यांचा अहवाल ८ जानेवारी १९०१ चा आहे. नोंदवही १३ डिसेंबरपर्यंत लिहिलेली होती आणि त्यानंतरच्या नोंदी नोंदवहीत उतरवण्यासाठी पाटीवर करून ठेवल्या होत्या. पाटीवरची शेवटची नोंद शनिवार, १५ डिसेंबरच्या सकाळी नऊची, खुद्द डुकाटच्या हातची. दिव्याची वात कातरलेली होती, तेल भरलेले होते, भिंगे आणि यंत्र पुसलेले होते. संध्याकाळी दिवा लावायचा, एवढेच काम उरले होते.

पूर्वेचा धक्का जसाच्या तसा होता. पश्चिमेच्या धक्क्याची मात्र दैना उडालेली होती. समुद्रापासून ११० फूट उंचीवर, कड्याच्या एका कपारीत दोरखंडांची पेटी ठेवलेली असे. ती जागेवर नव्हती आणि तिच्यातले सामान खाली विखुरले होते. लोखंडी कठडे पिळवटले होते. टनाहून जड दगड जागचा हलला होता. कड्याच्या माथ्यावर, २०० फूट उंचीवर, काठापासून बरेच आतपर्यंत गवताचे थर उपटून निघाले होते. डुकाट आणि मार्शल यांचे धक्क्यावर जाताना घालायचे बूट आणि पाणकोट खोलीत नव्हते. मॅकार्थरचा कोट मात्र खुंटीलाच होता. डिसेंबरात, त्या बेटावर, शिंपी असलेला माणूस कोट न घालता बाहेर पडतो, तेव्हा त्याला अतिशय घाई झालेली असते एवढे अनुमान करायला अधीक्षक असण्याची गरज नाही.

म्युअरहेड यांचा निष्कर्ष साधा होता. शनिवारी दुपारी हे लोक पश्चिमेच्या धक्क्याकडे दोरखंडांची पेटी सुरक्षित करायला गेले असावेत, आणि अनपेक्षितपणे उसळलेली एक प्रचंड लाट त्यांच्याही वर चढून, परतताना त्यांना घेऊन गेली असावी.

*

आता प्रश्न असा, की घासलेल्या भांड्यांची अर्धवट ताटे कधी झाली?

१९१२ साली विल्फ्रिड गिब्सन या इंग्रज कवीची 'फ्लॅनन आइल' ही कविता प्रसिद्ध झाली. बेटावर चढणाऱ्या तिघांच्या तोंडून सांगितलेली ही कथा आहे. न शिवलेले जेवण, उलथलेली खुर्ची आणि ते तीन काळे पक्षी या कवितेत आहेत. कविता म्हणून ती प्रभावी आहे, हे आम्ही आजही म्हणू. भय तिच्यात थेट येत नाही. दार उघडणाऱ्यांच्या पावलांत येते, आणि आता या खोलीत आपल्याला राहायचे आहे या जाणिवेत येते. कवीने शपथेवर साक्ष दिलेली नाही आणि वाचकाने ती मागूही नये. दोष असलाच तर तो कवितेला पंचनामा समजणाऱ्यांचा आहे. त्या यादीत आमचे नाव वरच्या बाजूस येईल.

परंतु गिब्सनने जो बदल केला त्याचे मर्म पाहण्यासारखे आहे. स्वच्छ भांडी सांगतात की काम पुरे झाले होते. दिवस इतर दिवसांसारखाच होता. जे घडले ते घराबाहेर, समुद्रावर घडले. अर्धे ताट सांगते की काहीतरी घरात शिरले. घास हातात असताना माणसांना कोणी उठवले? एक ताट बदलताच संशय लाटेवरून उठतो आणि अज्ञातावर जाऊन बसतो. ही युक्तीही नवी नव्हे. १८७२ साली भर समुद्रात निर्मनुष्य सापडलेल्या 'मेरी सेलेस्ट' या जहाजाच्या कथेतही पुढे सांगणाऱ्यांनी अशीच वाढून ठेवलेली न्याहारी आणून मांडली. भूतकथेला ओसाड घर पुरत नाही. तिला नुकतेच ओसाड झालेले घर लागते.

नोंदवहीची कथा याहून उद्बोधक आहे. रडणारा गडी, अबोल मुख्य, प्रार्थना, हे सारे १९२९ साली एका अमेरिकन सनसनाटी मासिकात अवतरले, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीन दशकांनी. तेथून ते १९६५ साली व्हिन्सेंट गॅडिस यांच्या समुद्रावरील गूढांच्या पुस्तकात आले, आणि मग पुस्तकांतून पुस्तकांत जात राहिले. १९९८ साली माइक डॅश या अभ्यासकाने मूळ कागद तपासून ही नोंदवही बनावट असल्याचे दाखवून दिले. खरे तर थोडा विचार केला असता तर आम्हांलाही ते कळायला हवे होते. या टिपणांचे लेखकत्व साहाय्यक मार्शलकडे दिलेले आहे. सरकारी नोंदवहीत हाताखालचा माणूस आपला साहेब चिडचिडा झाला आहे असे लिहील, आणि तीच वही साहेब रोज तपासणार! शिवाय खऱ्या नोंदवहीत १३ तारखेपुढे काही नव्हतेच. आणि ज्या १२ तारखेला तथाकथित महावादळ सुरू होते, त्या रात्री लुईसच्या किनाऱ्यावरून दिवा दिसल्याची नोंद आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९७७ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील 'डॉक्टर हू' मालिकेच्या एका कथेत दीपस्तंभावरच्या माणसांना परग्रहावरचा प्राणी मारतो. १९८० साली पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांची 'द लाइटहाऊस' ही संगीतिका एडिंबरोत रंगमंचावर आली. तिच्यात कोंडलेल्या माणसांची मने एकमेकांना पोखरतात. २०१८ सालच्या 'द व्हॅनिशिंग' या चित्रपटात सोने सापडते आणि खून पडतात. प्रत्येक काळाने आपापले भय त्या रिकाम्या खोलीत नेऊन ठेवले. पेटीचे दोर आवळायला गेलेली माणसे तेवढी कोणालाच नको होती.

*

येथे कोणी म्हणेल, की हा करमणुकीचा धंदा झाला. पण त्या बेटाला जुनी लोककथा असेलच ना? ती आहे. आणि आम्हांला खरे आश्चर्य वाटले ते तिच्यामुळे.

मार्टिन मार्टिन या स्काय बेटावरच्या लेखकाने १७०३ साली स्कॉटलंडच्या पश्चिमी बेटांचे वर्णन प्रसिद्ध केले. लुईसचे लोक दर उन्हाळ्यात एकदा पक्षी, अंडी आणि पिसे आणायला फ्लॅननला जात. त्यांचे रीतिरिवाज त्याने तपशीलवार दिले आहेत. पूर्वेचा वारा असेल तरच निघायचे. वाटेत किंवा अगदी उतरण्याच्या घडीला वारा पश्चिमेचा झाला, तर शीड चढवून थेट घरी परतायचे. नवखा माणूस असेल तर त्याला सारे नियम पाठ करवल्याखेरीज पाय ठेवू द्यायचा नाही. वर चढल्यावर टोप्या काढायच्या, सूर्याच्या दिशेने एक फेरा घ्यायचा, सुखरूप पोचवल्याबद्दल देवाचे आभार मानायचे. संत फ्लॅननच्या पडक्या प्रार्थनागृहाजवळ वरचे कपडे उतरवून ठेवून प्रार्थना करायची. दगड मारून पक्षी मारायचा नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर पक्ष्याला हात लावायचा नाही. आणि बेटाचे नाव उच्चारायचे नाही : त्याला नुसते 'देश' म्हणायचे. खडकाला खडक नव्हे, 'कठीण' म्हणायचे, किनाऱ्याला 'गुहा', निसरड्याला 'मऊ'.

इंग्रज वाचकाला यांत अंधश्रद्धेचा नमुना दिसेल. मराठी वाचकाला आपल्या आजीचा आवाज ऐकू येईल. रात्री साप म्हणू नये, जनावर म्हणावे. बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावे. घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावे. आणि दिवा? दिवा विझला असे म्हणायचे नाही, मालवला म्हणायचे. शब्द बदलून संकट टळत नाही हे आपल्या आजीलाही कळत होते. पण तो शब्द गिळताना एक क्षणभर माणूस थांबतो, आपण कोठे उभे आहोत हे त्याला आठवते. निसरड्या कड्यावर एवढे थांबणे पुष्कळ असते.

मार्टिनच्या त्या सबंध वर्णनात भूत नाही. त्या बेटांवर उतरलेल्या प्रत्येकाचे मन इतर कोठल्याही जागेपेक्षा तेथे अधिक भक्तीकडे वळते, असे त्याला सांगण्यात आले होते. झपाटलेले बेट हे नव्हे. हे देवाचे बेट. आपल्याकडे थळच्या समुद्रात खांदेरीवर एकाच बेटावर दीपगृह आहे आणि वेताळाचे ठाणेही आहे. कोळी त्या वेताळाला मान देतात तो तो भुतांचा राजा म्हणून घाबरवतो यासाठी नव्हे, तर तो राखणदार आहे म्हणून. राखणदाराशी देणेघेणे असते, नियम असतात. चूक झाली तर गाऱ्हाणे घालून माफी मागता येते.

लोककथेतले अद्भुत आणि करमणुकीतले अद्भुत यांतला भेद आम्हांला येथे दिसतो. फ्लॅननला जाणाऱ्यांची लोककथा त्याच समुद्रात होडी घालणाऱ्यांनी रचलेली होती, आणि म्हणून ती ऐकणाऱ्याला काहीतरी करायला लावते : वारा पाहा, पश्चिमेचा असेल तर मागे फिर. कंदिलाच्या उजेडातली आमची गोष्ट ऐकणाऱ्याकडून काहीच मागत नाही. तिला केवळ शहारा हवा असतो, आणि शहाऱ्यासाठी मेलेल्या माणसांना नावे, घरे, पगार असून चालत नाही.

जुन्या पक्षीपारध्यांना पश्चिमेचा वारा सुटताच परतण्याची मुभा होती. १९०० सालच्या त्या तिघांना ती नव्हती. त्यांची नेमणूकच मुळी त्या वाऱ्यात तेथे राहण्यासाठी झाली होती. आणि धक्क्यावरची पेटी वाहून जाऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी त्यांची होती. जुन्या नियमातली सारी भीती आम्ही उचलली आणि त्यातले शहाणपण टाकून दिले.

*

तर, आत्या, उत्तर असे.

जेम्स डुकाट यांच्या मागे पत्नी आणि चार मुले होती. डोनाल्ड मॅकार्थर यांच्या मागे पत्नी आणि दोन मुले. टॉमस मार्शल अविवाहित होते. हे त्याच अहवालात, शेवटी शेवटी, लिहिलेले आहे. ते शोधायला फार कष्ट पडत नाहीत. ते शोधावेसे वाटायला मात्र आम्हांला फार वर्षे लागली.

आणि त्या अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांच्यापुढे आम्हांला आमचे तिन्ही काळे पक्षी पोकळ वाटू लागले. पहिली जोसेफ मूरविषयी. ज्याने ते दार उघडले, तो त्यानंतर तेथेच राहिला, कारण २६ तारखेच्या रात्री दिवा लावायला कोणीतरी हवे होते. म्युअरहेड लिहितात, की मूरच्या मनाची ही घालमेल गेली नाही तर त्याची बदली करावी लागेल. पण तशी शिफारस करायला ते नाखूश आहेत, कारण तेथले काम जाणणारा निदान एक तरी माणूस बेटावर असायला हवा. आयलन मोरवर कोणी झपाटलेला असेलच, तर तो हा. भोवती कोणी नाही हे ठाऊक असूनही रोज संध्याकाळी जिना चढून त्याला वात पेटवायची होती.

दुसरी खुद्द म्युअरहेडविषयी. डुकाट आणि मार्शल यांची या ठाण्यासाठी निवड त्यांच्याच शिफारशीने झाली होती. १८९९ च्या उन्हाळ्यात, दिवा हिवाळ्याआधी लागावा म्हणून ते त्यांच्याबरोबर महिनाभराहून अधिक काळ राबले होते. आणि १९०० च्या ७ डिसेंबरला, दिव्याच्या पहिल्या वाढदिवशी, ते बेटावर जाऊन आले होते. त्या तिघांशी हस्तांदोलन करून निरोप घेणारा शेवटचा माणूस आपणच, ही दुःखद आठवण आपल्यापाशी आहे, असे या सरकारी अधिकाऱ्याने सरकारी अहवालात नमूद करून ठेवले. कोणत्याही नियमाने ते वाक्य तेथे असण्याची गरज नव्हती.

१९७१ साली तो दिवा स्वयंचलित झाला. आता वात कातरायला, तेल भरायला, भिंगे पुसायला तेथे कोणी राहत नाही.

पावसाळ्यात वीज अजूनही जाते, आणि घरातली नवी पोरे अजूनही गोष्ट मागतात. आम्ही हीच सांगतो. फक्त आता सुरुवात नावांपासून करतो, आणि शेवटी कंदिलाची वात खाली न करता थोडी वर करतो. पोरे पूर्वीइतकी घाबरत नाहीत, हे खरे. पण परवा एका मुलीने विचारले, की मग त्या पेटीतले दोर नंतर कोणी गोळा केले? तो प्रश्न आम्हांला बरा वाटला.